अहवाल परत घेऊन जा
सुधारित चुलींच्या कार्बन क्रेडिटवर तू चाळीस पानं लिहिलीस. किती टन कार्बन वाचला, टनाला बाजारात काय भाव येईल, सगळे तक्ते चोख. आणि त्या चुलीपुढे बसणारी बाई? ती एका रकान्यात, 'लाभार्थी' म्हणून. हा शब्द लिहिताना हात कसा अडखळला नाही तुझा?

मागे जोडलेला करारनामा वाचलास का? सवलतीत चूल मिळते आणि त्या बदल्यात क्रेडिटवरचा हक्क कंपनीला लिहून दिला जातो. रोजच्या रांधण्याची सवय मोडायची तिने, विकायचा माल मात्र दुसऱ्याचा. आणि सह्या बघ. प्रत्येक कागदावर नवऱ्याची.

तुझे आकडेही खरे नाहीत. बर्कलीच्या संशोधकांनी 2024 मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त अशा प्रकल्पांचा हिशेब मांडला: तपासलेल्या प्रकल्पांना प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट दिली गेली होती. त्याचं एक कारण असं की, नवी चूल किती वापरली जाते हे कागदावर फुगवलेलं असतं. भाकरीला, आंघोळीच्या पाण्याला जुनी चूल पेटतेच. तू सर्वेक्षण केलंस सकाळी अकरा ते दुपारी चार. चुली पेटतात पहाटे. तुला दिसणार काय?

प्रस्तावनेत 'स्त्री निसर्गाच्या जवळ असते' असं लिहिलंयस. खोड ते. बीना अगरवाल यांनी 1992 सालीच सांगितलंय की बाईचं जंगलाशी नातं तिच्या स्वभावातून येत नाही. कामाची वाटणी, मालमत्ता, जात, वर्ग यांतून ते घडतं. सरपण तिच्या डोक्यावर, म्हणून जंगल तुटलं की पायपीट तिची वाढते. सातबारा तिच्या नावावर नाही, म्हणून बाजार दारात आला तरी सौदा तिच्याशी होत नाही. वर्गात आपण हे शिकलोय!

2006 च्या वनहक्क कायद्यात पती-पत्नीच्या संयुक्त नावाने हक्क नोंदवण्याची तरतूद आहे. परीक्षेत तू ती बिनचूक लिहिलीस. मग क्रेडिटवर तिचं नाव का नको, एवढा साधा प्रश्न तुला पडू नये?

पंधरा दिवस देते. पहाटे जा. वर्गातल्या मुलींना सोबत ने, बायका तुझ्यापुढे मोकळ्या बोलणार नाहीत. सरपण कोण आणतं, किती वेळ जातो, नवी चूल कशासाठी वापरतात, करारनामा कुणी वाचून दाखवला का, हे विचारून ये. तोवर या अहवालावर माझी सही होणार नाही.