रथ आणि सारथी

कठोपनिषदातील रथाचे रूपक देवळांतील कीर्तन-प्रवचनांतून आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथाचा स्वामी. या रूपकात एक गोष्ट गृहीत आहे : रथ स्वतः सारथ्याची चूक सुधारीत नाही. आज तो सुधारू लागला आहे. आणि म्हणूनच एक जुना नैतिक प्रश्न नव्याने विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९६३ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेली आणि पुढे ‘९११’ या नावाने प्रसिद्धीस आलेली मोटार घ्या. इंजिन दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे, आणि तेही मागील चाकांच्या पाठीमागे. वेगात वळण घेताना चालकाने भिऊन पाय एकाएकी उचलला, की भार पुढे सरके, मागील चाकांची पकड सुटे आणि गाडी गर्रकन फिरे. २०२० साली आलेली त्याच वंशातील ‘टर्बो एस’ ६५० अश्वशक्तीची आहे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास पहिलीला सुमारे नऊ सेकंद लागत, हिला २.७ सेकंद पुरतात. इंजिन अजूनही मागेच आहे. परंतु शक्ती चारही चाकांना मिळते, आणि गाडी घसरू लागताच यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. आपण चुकलो होतो, हे चालकाच्या ध्यानीही येत नाही.

मग चांगला सारथी कोणता? जुन्या गाडीचे चाहते म्हणतील, की भयाने संयम शिकविला तोच खरा. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते पुरते मान्य करणे आम्हांस कठीण जाते. त्या शाळेची फी पुष्कळदा रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या तिऱ्हाइताने भरली. १९६८ साली खुद्द कारखान्यानेच पुढील व मागील चाकांतील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवून गाडीचा तो स्वभाव सौम्य केला. एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचे प्राण पणास लावणे हा धर्म नव्हे.

तथापि उलट बाजूचा भ्रमही तितकाच घातक आहे. यंत्राने सावरलेली चूक म्हणजे न घडलेली चूक नव्हे. पकड सुटलेली यंत्रास कळते. वळणापलीकडे शाळा सुटली आहे, हे त्यास कळत नाही. तेथे इतक्या वेगाने जावे की नाही, हा निर्णय त्याच्यापुढे येतच नाही. तो आधीच झालेला असतो. भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलमही बेदरकार वा निष्काळजी चालविण्याचा दोष मनुष्यावरच ठेवते. गाडी किती शहाणी होती, हे विचारीत नाही.

देवळाच्या तळीस कठडा बांधला, म्हणून कोणी त्यास दोष देत नाही; लेकरे वाचतात. पण कठडा आहे म्हणून काठावर धावणाऱ्यास आपण सावध म्हणत नाही. नव्या रथाने भय हलके केले, हे त्याचे उपकारच होत. भयावाचूनही लगाम आवरता येतो की नाही, ही परीक्षा मात्र सारथ्याचीच राहिली; आणि आमच्या मते ती पूर्वीहून अवघड झाली आहे.