मुलांच्या दुआमधील ‘जसे’

पवित्र कुरआनच्या बनी इस्राईल या सूरहमध्ये (१७:२४) अल्लाहने संततीला माता-पित्यांसाठी एक दुआ शिकवली आहे. लहानपणी त्यांनी माझे जसे संगोपन केले, तशी दया तू त्यांच्यावर कर, अशी विनवणी मुलाने आपल्या पालनकर्त्याकडे करावयाची आहे. ही दुआ आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. नमाजनंतर ती सहज ओठांवर येते. परंतु तिच्यातील ‘जसे’ या लहानशा शब्दापाशी आपण क्वचितच थांबतो.

हा शब्द मुलाला त्याच्या बालपणाकडे वळवतो. मी असहाय होतो तेव्हा या दोघांनी मला कसे वाढवले, हे दुआ मागताना त्याला आठवावे लागते. अल्लाहची दया मुलाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही, आणि आई-वडिलांकडून उणीव राहिली तरी त्यांच्यासाठी दुआ करण्याचे कर्तव्य सुटत नाही. तथापि दुआमधील आर्तता आठवणीतून येते. मनुष्य मरण पावला की त्याच्या कर्मांची मालिका खंडित होते, केवळ सदका-ए-जारिया, लोकांना लाभ देणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी सदाचारी संतती या तीन गोष्टींचे फळ त्याला मिळत राहते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. कबरीत पोहोचल्यावर आपण ज्या दुआची वाट पाहणार आहोत, तिच्या ‘जसे’मध्ये काय भरले जाईल, हे आज आपल्या घरात ठरत आहे.

ताजियतसाठी एखाद्या घरी गेल्यावर मुले दिवंगत वडिलांविषयी काय बोलतात, ते लक्षपूर्वक ऐकावे. घर किती मजली बांधले, लग्नात किती खर्च केला, हे सहसा कोणी सांगत नाही. अब्बा डोक्यावरून हात फिरवून सहरीला उठवीत, ईदगाहकडे जाताना बोट धरून नेत, अशाच गोष्टी निघतात. ज्यांनी त्या केल्या, त्यांना त्या वेळी आपण काही विशेष करीत आहोत असे वाटलेही नसेल.

प्रेषितांचे (स.) घर या बाबतीतही आपला आदर्श आहे. अबू सलमा (रजि.) यांच्या निधनानंतर त्यांचा लहान मुलगा उमर प्रेषितांच्या (स.) छत्रछायेखाली वाढला. एकदा जेवताना त्याचा हात ताटात सगळीकडे फिरू लागला. प्रेषितांनी (स.) त्याला प्रेमाने सांगितले, की अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने जेवावे आणि आपल्या समोरचे खावे. त्या दिवसापासून माझी जेवण्याची पद्धत तीच राहिली, असे उमर (रजि.) मोठेपणी सांगत. मुलाचा हात कोठे फिरतो आहे, हे प्रेषितांना (स.) दिसले, कारण ते त्याच्यासोबत त्याच ताटात जेवत होते. दुसऱ्या खोलीतून दिलेली आज्ञा मुलाच्या मनात इतकी वर्षे टिकली असती का?

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले, की प्रेषित (स.) घरी काय करीत असत? त्या म्हणाल्या, की ते घरच्या माणसांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. त्याच आयेशा (रजि.) सांगतात, की आपण भांड्याच्या ज्या जागी तोंड लावून पाणी पीत असू, तेथेच ओठ टेकवून प्रेषित (स.) पाणी पीत. आणि याच घरात दोन-दोन महिने चूल पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर निर्वाह होई. ज्या आठवणी उम्मतने चौदाशे वर्षे जपल्या, त्यांच्यामागे संपत्ती नव्हती.

हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही प्रेषित (स.) बकरी कापली की त्यांच्या मैत्रिणींच्या घरी मांस पाठवीत. एकदा खदीजांच्या भगिनी हाला (रजि.) यांनी दारातून आत येण्याची परवानगी मागितली. तो आवाज ऐकताच प्रेषितांना (स.) खदीजांची परवानगी मागण्याची ढब आठवली आणि त्यांचे मन हेलावले. दारात रोज ऐकलेला आवाजसुद्धा इतका खोल रुजतो.

आपल्या समाजात कोकणातील अनेक घरांचे कर्ते पुरुष वर्षानुवर्षे आखाती देशांत राबतात; भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर पाळी संपवून बाप घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात. त्यांचे कष्ट हीसुद्धा इबादत आहे. अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी पत्नीच्या मुखी घातलेल्या घासाचेही पुण्य मिळते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. म्हणून दूर असलेल्या बापाने खिन्न होऊ नये. ठरलेल्या वेळी फोन करून मुलाचा आजचा सबक ऐकावा, मुलीने शाळेतील गंमत सांगितली तर ती पूर्ण होऊ द्यावी. परंतु जो घरातच असूनही मोबाइलच्या पडद्यात हरवला आहे, त्याने कोणते कारण सांगावे? दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एका दस्तरखानावर घ्यावे. आम्ही खातो पण तृप्ती होत नाही, अशी तक्रार सहाबांनी केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एकत्र बसून, अल्लाहचे नाव घेऊन जेवण्यास सांगितले होते, त्यातच बरकत आहे. फजरला मुलाला सोबत न्यावे आणि परतताना पावले थोडी संथ ठेवावीत. लेकीबरोबर भांडी आवरावीत. ती सुन्नतच आहे.

सूरह तूरमध्ये (५२:२५-२८) जन्नतवासीयांच्या संवादाचे वर्णन आहे. ते एकमेकांची विचारपूस करतील आणि म्हणतील, की पूर्वी आम्ही आपल्या घरच्या माणसांत अल्लाहचे भय बाळगून राहत होतो, त्यालाच आळवीत होतो. त्याने आमच्यावर उपकार केला. जन्नतच्या साऱ्या वैभवात बसूनही त्यांना आपले घर आठवेल. त्या वेळी आठवावे असे काहीतरी आज रात्रीच्या जेवणात असू द्या.

हे अल्लाह, आमच्या जोडीदारांना आणि संततीला आमच्या नेत्रांचा गारवा बनव, आणि आमच्या पश्चात त्यांच्या दुआमध्ये आम्हाला स्थान दे. आमीन.