टिकाऊ म्हणजे काय हो?

आमच्या भाच्याला उलटं उडणारं हेलिकॉप्टर हवं आहे. रेडिओवर चालणारं, पण त्याला 'खेळणं' म्हटलेलं खपत नाही. "मामा, पैसे तुझे, तेव्हा निवडही तुझीच. फक्त टिकाऊ आणि परवडणारं बघ."

टिकाऊ आणि परवडणारं! आपण मध्यमवर्गीयांनी छत्रीपासून जावयापर्यंत सगळं याच दोन शब्दांवर पारखून घेतलं. पण डीटर श्लूटर या जर्मन इंजिनियराने १९७० च्या सुमारास असलं हेलिकॉप्टर नीट उडवून दाखवलं, तेव्हापासून या छंदातला पहिला सिद्धान्त असा की, ते पडणार. किती वेळा आणि किती रुपयांना, एवढंच विचारायचं.

स्वस्तातल्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. मोटार जोरात फिरली की वर, मंदावली की खाली. सरळमार्गी कारकुनासारखं ते जन्मभर सुलटंच उडतं. कोलांटी मारायची तर पात्यांचा कोन उडता उडता बदलला पाहिजे, अगदी उणे बाजूलासुद्धा. म्हणजे पोट आकाशाकडे झालं तरी हवा जमिनीकडेच लोटली जाते. याला कलेक्टिव्ह पिच म्हणतात. यंत्राला हे जमतं. आपल्या बोटांना नाही. उलटं झाल्यावर 'वर' म्हणून दांडी सारावी, तर ते जमिनीकडे झेपावतं.

मग मजबूत म्हणून सगळं धातूचंच घ्यावं का? एका मुरलेल्या उडवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "धातूचं डोकं बसवा, डोकं वाचेल. पण धक्का कुठे जाईल? खाली. दांडा वाकेल, गिअरचे दात जातील. छोट्या यंत्राला प्लॅस्टिकचं डोकंच बरं. तुटायचं ते स्वस्तात तुटू द्या. आणि पडणार असं दिसलं की आधी मोटार बंद करा. फिरती पाती जमिनीला लागली की सगळंच गेलं."

हे ऐकलं आणि मला आमचे एक काका आठवले. फार खंबीर माणूस. धंदा बुडाला तेव्हाही त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. सगळं गाव वाखाणायचं. त्यांचा धक्का खाली कुठे गेला ते मात्र कोणी पाहिलं नाही. काकूंना रक्तदाब जडला, थोरल्याने कॉलेज सोडलं. काका मोटार चालू ठेवून पडले होते! उलट आमची आत्या दूध नासलं तरी रडायची. पाच मिनिटं डोळ्याला पदर, मग पनीर करायला बसायची. आणि घरातली कोणतीही आपत्ती शेवटी तिच्याच ओट्याशी येऊन निस्तरली जायची. या दोघांत टिकाऊ कोण? घरात 'खंबीर हो' असं मुलांना सांगताना आपण नेमकं काय मागत असतो? भाच्याला बारावीत मार्क कमी पडले, तेव्हा त्याच्या वडिलांनी हेच सांगितलं होतं. पोरगं आठवडाभर गप्प होतं.

संगणकावर उडवायला शिकण्याचीही सोय आहे. तिथे पडलं की बटण दाबायचं, नवं कोरं हजर. पैसे वाचतात, सुरुवात तिथूनच करावी. पण हात थरथरत नाही हो!

शेवटी लहानच घ्यायचं ठरवलं. लांबी निम्मी केली की वजन साधारण आठव्या हिश्शावर येतं, म्हणून मुंगी गच्चीवरून पडली तरी चालू लागते. पैशांचे दोन भाग केले: एकात प्लॅस्टिकच्या डोक्याचं हेलिकॉप्टर, दुसऱ्यात पात्यांचे जोड, दांडे, गिअर आणि एक बारीक पेचकस. भाच्याने खोकं उघडलं आणि आधी सुट्या भागांची पुडकी मोजली.

"मामा, एवढ्या वेळा पडू?"

"हो," मी म्हटलं, "संपली की सांग."