जलप्रलय आणि बुडालेल्यांचा दोष

प्राचीन जलप्रलयकथांचे मूळ निसर्गात सापडले, तर त्यांतील धर्माधर्मविचार व्यर्थ ठरतो काय, अशी शंका जिज्ञासूंकडून येते. तिचा निर्णय करण्यापूर्वी बाबिलोनी कथेची भूमी पाहणे इष्ट होय.

इराकमधील टायग्रिस व युफ्रेटिस या नद्या, धरणे बांधली जाण्यापूर्वी, उत्तरेकडील पर्वतांवरील बर्फ वितळले म्हणजे वसंतात फुगत. दक्षिणेकडील प्रदेश इतका सपाट की, पाण्याने एकदा काठ सोडल्यावर त्यास अडविणारे काहीच नसे. १९२९ मध्ये लिओनार्ड वूली यांना उर येथे पुराच्या गाळाचा ८ फुटांहून जाड थर आढळला, आणि हाच तो जलप्रलय असे त्यांनी मानले. परंतु किश व शुरुप्पक येथील थर निराळ्या काळातील निघाले, आणि उरच्या शेजारच्या एरिदू येथे तर तसा थरच नाही. म्हणजे पूर अनेक आले. कथेने त्यांचा एक केला. काळ्या समुद्रात सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी अकस्मात शिरले, हे रायन व पिटमन यांचे १९९७ चे मतही प्रसिद्ध आहे. पण ते वादग्रस्त आहे.

असो. पाणी पर्वतावरून आले. मग बुडालेले पापी होते, हे कोठून आले?

'अत्राहासिस' या जुन्या बाबिलोनी काव्यात पापाची गोष्टच नाही. माणसे फार वाढली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडली, एवढेच कारण! मनुष्यांचा दुराचार हे कारण हिब्रू कथेत स्पष्ट होते. संकटाला कारण हवे असते, आणि मेलेला मनुष्य प्रतिवाद करीत नाही.

येथे पूर्वपक्षी म्हणेल की, कर्मावाचून दुःखभोग नाही. तेव्हा बुडालेल्यांचे काही कर्म असलेच पाहिजे. याचे समाधान असे : जीवाने आपले कर्मफळ भोगणे वेगळे, आणि काठावर वाचलेल्याने त्याचे पाप अमुक होते असे सांगणे वेगळे. पहिले आपल्या ज्ञानाचा विषय नाही; दुसरा तर निव्वळ परनिंदेचा प्रकार आहे. तान्ह्या बालकांविषयी हा न्याय लावून पाहावा.

'गिल्गमेश' काव्याच्या अकराव्या पाटीत एआ हा देव एन्लिलला हेच विचारतो : अपराध ज्याचा त्याच्यावर ठेवावयाचा होता, सरसकट प्रलय का आणलास? त्याऐवजी सिंह, लांडगे, दुष्काळ वा रोगराई पाठवावयाची होतीस, असेही तो पुढे म्हणतो. लांडगा तरी अपराधी निवडून खातो काय, हे मात्र त्याला सुचत नाही. त्या काव्यात इश्तार देवीचे वचन अधिक प्रांजळ आहे. प्रलय चालू असताना, आपली प्रजा माशांच्या पिलांप्रमाणे समुद्रात भरलेली पाहून ती आक्रोश करते, आणि देवसभेत आपणच या अनर्थाच्या बाजूने बोललो म्हणून स्वतःला दोष देते. बुडालेल्यांना देत नाही.