उभी बाटली, आडवी बाटली

सद्गुणांना बाजारभाव नसतो असे आम्हाला शाळेत शिकवले होते. ते साफ खोटे आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझ्या एका सद्गुणाला अचानक गिऱ्हाईक आले. पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्ही अजून पीत नाही ना?" हा प्रश्न मला यापूर्वी फक्त आमच्या सासऱ्यांनी विचारला होता, आणि तोही मध्यस्थामार्फत. मी अभिमानाने नाही म्हटले. "आणि गाडी चालवता ना अजून?" मी हो म्हटले. तिकडून सुटकेचा निःश्वास आला. माझी नेमणूक झाली होती.

त्याचे असे झाले, की भाचा आणि त्याचे तीन मित्र सोलापुरातले एक लग्न उरकून मोटारीने परत जाणार होते. सरळ पुण्याला जातील तर ती तरुण पिढी कसली? त्यांनी वाटेतल्या आणि वाटेबाहेरच्या मद्यशाळांचा एक दौरा आखला होता. आधी अकलूजजवळची वाइनरी, मग पुण्यातल्या दोन-तीन क्राफ्ट ब्रुअऱ्या, तिथून नाशिक. अधूनमधून बाटल्यांची दुकाने. त्याचा तक्ताच मला मोबाइलवर आला. मुक्काम, अंतर, उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, काय चाखायचे, काय बरोबर घ्यायचे. एक रकाना कोरड्या दिवसांचा होता. आमच्या घरात पुढची एकादशी कधी आहे हे आता एकट्या भाच्याला ठाऊक असते. आषाढीला दुकाने बंद असतात म्हणून.

आम्ही सोलापूरकरांनी गाडी काढली की पुढे देवच लागतो. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. चारही दिशांची सोय आहे. तेव्हा मुक्कामांची यादी करून प्रवासाला निघणे आम्हाला नवे नाही. आम्हीही तीर्थासाठीच निघत असू. फक्त आमचे तीर्थ पळीत मावायचे.

भाच्याचा तक्ता वाचता वाचता माझे बरेच शिक्षण झाले. अकलूजजवळ मोटेवाडीला आपल्याच जिल्ह्यात एवढी मोठी वाइनरी आहे हे मी ऐकून होतो, पण तिच्या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. दोन भाऊ इटलीचे, दोन उत्तर हिंदुस्थानातले आणि दोन अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातले, अशा सहा भावांनी मिळून ती काढली. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ एका विहिरीवर एक मोटार चालवू शकत नाहीत, जन्मभर दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. इथे सहा जण, तेही तीन आयांचे, एकत्र नांदले. मद्याचे एवढे एक पुण्य मान्य करायला हवे.

पुण्याच्या एका ब्रुअरीचे नाव डुलाली. ती २००९ साली निघाली. नावावरून मला वाटले, प्यायल्यावर माणूस डुलतो म्हणून असेल. पण नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत परतीच्या बोटीची वाट बघत बसलेले गोरे सोल्जर उन्हाने आणि कंटाळ्याने वेडे होत. त्यावरून इंग्रजीत भ्रमिष्टाला 'डुलाली' म्हणू लागले. म्हणजे आपली देवळाली विलायतेला जाऊन वेडी झाली आणि पुण्याला परत येऊन बिअर झाली.

माझी खरी गाठ पडली ती पुढच्या वाक्याशी. "मामा, आम्ही दारू पीत नाही. आस्वाद घेतो."

मी विचारात पडलो. पिणे आणि आस्वाद घेणे यांत फरक आहे का? असला तर कुठे आहे? भाच्याने मोठ्या उत्साहाने सांगितले, की जव भिजवून त्याला मोड आणतात, ते वाळवून भाजतात, भरडून गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवतात, त्यात हॉप्स नावाची कडवट फुले उकळतात आणि मग यीस्ट घालून आंबवतात. आमची ही शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे मटकीला मोड आणून त्याची आंबील. यात पाचशे रुपये कशाचे?" वाइन चाखणारे लोक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात, हेही त्याने सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही. सोलापुरात थुंकण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढेच तिच्या चेहऱ्यावर दिसले.

आता या 'क्राफ्ट'चे मराठी काय करायचे? क्राफ्ट म्हणजे हस्तकौशल्य. ब्रुअरी म्हणजे भट्टी म्हणा. जोडून पाहा: हातभट्टी! शब्दकोशाच्या दृष्टीने या भाषांतरात काडीचा दोष नाही. आणि त्यासाठी आम्हाला पुण्याला जायचे कारण नव्हते. शहराला लागून मुळेगाव तांडा आहे. तिथल्या हातभट्ट्यांवरच्या धाडींच्या बातम्या वाचत आमच्या पिढीने चहा घेतला. तिथेही कारागिरी होती, घरोघरची वेगळी रीत होती, लहान प्रमाणावर आणि ताजा माल होता. म्हणजे भाचा ज्या ज्या गुणांसाठी तीनशे किलोमीटर जाणार, ते सगळे. पण तिथे जाणाऱ्याला कोणी रसिक म्हटले नाही, बेवडा म्हटले. चाखणाऱ्याच्या अंगावर कुठला शर्ट आहे यावर आस्वाद की व्यसन हे ठरते काय?

भाचा या भाषांतराने जरा दुखावला. त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे ऐकून घेतले, आणि अर्धे मला पटलेही. बिअर नुसती आंबवतात, हातभट्टीची दारू गाळतात. दोन्हींच्या जोरात जमीन-अस्मान. तिथे गूळ आणि नवसागर, आणि पिंपात आणखी काय पडले ते गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ब्रुअरीत निदान काय प्यालो हे फळ्यावर लिहिलेले असते. तेव्हा फरक नाही असे मी म्हणणार नाही. पण हा फरक स्वच्छतेचा आणि तपासणीचा झाला. रसिकतेचा त्याच्याशी काय संबंध? २०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले, भट्ट्या मोडतानाच तिथल्या कुटुंबांना दुसरे काम मिळावे म्हणून खटपट केली. त्या माणसांना भट्टी सोडायला आपण समजावले, आणि आपल्या पोरांनी भट्टी बघायला तिकीट काढले. दोन्ही गोष्टी चांगल्याच असतील; पण शेजारी शेजारी ठेवल्या की माझा गोंधळ होतो.

सरकारकडून खुलासा मिळावा म्हणून कायद्याकडे वळलो, तर तिथे तत्त्वज्ञान आणखीच गहन. आपला दारूचा कायदा मुळात १९४९ चा, आणि त्याचे नाव दारूबंदीचा कायदा. दारू विकायचा परवाना दारूबंदीच्या कायद्याखाली मिळतो, आणि पिणाऱ्याला परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी! पाच रुपयांत एक दिवसाचे आरोग्य राखण्याची सोय कित्येक वर्षांची आहे. आजीव परवानाही असतो. तो किती वर्षे चालतो हे तो किती वापरता यावर. बिअर आणि वाइनला एकवीस वर्षे पुरी लागतात, बाकीच्याला पंचवीस. त्या चार वर्षांत माणसात नेमकी कोणती नैतिक परिपक्वता येते, ते मला माझ्या पंचविशीत जाणवले नव्हते.

ताडाच्या रसाचे घ्या. पहाटे उतरवला तर ती नीरा. खादीवाले ती आरोग्यपेय म्हणून विकतात. तोच रस दुपारपर्यंत उन्हात राहिला की ताडी. उत्पादन शुल्कवाले येतात. रसाने बिचाऱ्याने काहीच केलेले नसते. द्राक्षाचेही तेच. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका द्राक्ष काढले, त्याने आमच्या जिल्ह्याचे नाव झाले. ते वाळले तर बेदाणा होऊन सत्यनारायणाच्या शिऱ्यात जाते, आणि पिंपात उतरले तर त्यावर मंत्रिमंडळात चर्चा होते. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हा वाइन ही दारू नव्हेच असा शास्त्रार्थ आपण ऐकला. कायद्याच्या व्याख्येत मात्र वाइन, बिअर आणि ताडी एकाच ओळीत बसल्या आहेत, गाडीतल्या जनरल डब्यासारख्या.

रस्त्याचे तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हुकूम दिला, की महामार्गापासून पाचशे मीटरांच्या आत दारूचे दुकान नको. लहान गावांना पुढे दोनशे वीस मीटरांची सवलत मिळाली. हेतू उत्तमच होता. पण केरळातल्या एका बारने दारापर्यंत नागमोडी वाट बांधली आणि अंतर भरून काढले. पिण्याआधीच माणसाला झोकांड्या खात चालायला लावणारा तो पहिला बार असावा. पुढे २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दींना त्यातून वगळले.

हसून झाल्यावर मला चार पुतळ्यांची आठवण येते. सोलापुरात त्यांच्यावरून गेल्याशिवाय दिवस जात नाही. गांधीजींना अटक झाल्यावर ८ मे १९३० ला आमच्या गावचे लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडायला गेले. त्या झाडांवर सरकारचा महसूल उभा होता. गोळीबार झाला, माणसे पडली, गाव पेटले, मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा येरवड्यात फासावर गेले. महसूल आजही त्याच वाटेने येतो, सरकार तेवढे आपले आहे. शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड चालवणाऱ्यांना मी जुन्या काळची भाबडी माणसे म्हणून सोडून देऊ शकत नाही. त्यांनी हिशेब बरोबर मांडला होता: पिणारा एक, आणि पैसे मोजणारे घरातले पाच.

हा हिशेब आजही एका ठिकाणी उघड मांडला जातो. गावातले दुकान बंद करायचे की नाही यावर बायकांचे मतदान होते. चिन्हे दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडवी केली तर दुकान जाते. जी मतदानाला आली नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला. तरी मजुरी बुडवून, नवऱ्याचा मार चुकवून बायका रांगेत उभ्या राहतात. मला आपल्या लोकशाहीतली ही सर्वांत शहाणी निवडणूक वाटते. इथे विचारतात ते पिणाऱ्याला नव्हे, ज्याला ते निस्तरायचे आहे त्याला.

आणि इथे मी एकदम भाच्याच्या तक्त्याकडे परत आलो. कारण फोन ठेवताना तो हळूच म्हणाला होता, "मामा, आईला सांगू नका हां. तिला मी द्राक्षबागा बघायला जातोय म्हणून सांगितलंय."

शब्दशः खरे होते! नरो वा कुंजरो वा. बागा होत्याच तिथे, शेकडो एकर. माझी अक्का पंढरपूरला असते, गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि मुलगा द्राक्षशेतीत रस घ्यायला लागला म्हणून ती चार घरी सांगत सुटली होती. पापात करणारा, करवणारा, चिथावणारा आणि मान डोलावणारा हे चौघे सारखे वाटेकरी, असे आपल्याकडे मानतात. त्यात ड्रायव्हरचा उल्लेख नाही, हे मी नीट पाहून घेतले. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडले तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तुरुंग. तेव्हा चौघांना जिवंत घरी आणणारा पाचवा मी, हे काम मला हलके वाटत नाही. घोटभर वाइनलाही माझी हरकत नाही. पण अक्काशी कुंजर मी होणार नव्हतो. तिला सांग, मग मी चावी हातात घेतो, एवढीच अट घातली.

दोन दिवस तक्त्यात काही हालचाल झाली नाही. तिसऱ्या दिवशी अक्काचाच फोन. "काय बे, तू चालवणार म्हणे गाडी?" मी हो म्हटले. "बरं झालं. तो चालवणार असता तर मी पायच मोडला असता." मग बराच वेळ काही बोलली नाही. मी फोन कट झाला का बघितले. "द्राक्षं म्हणला होता मला," ती म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तिला ते नकोही होते. "अकलूजला पंढरपुरावरूनच जायचंय न्हवं? मग जेवून जायचं. रिकाम्या पोटी कुणी काय प्यायचं नाही. आणि चौघांनी आधी दर्शन घ्यायचं. रांगेतनं. ओळखीनं नाही."

आमच्या हिने लगेच जाहीर केले की मग मीही येते. पाच आसनांच्या गाडीत सहावी व्यक्ती कुठे बसवायची, हा प्रश्न तिने भाच्यावर सोपवला.

आता तक्त्यात 'पंढरपूर' अशी नवी ओळ आली आहे. उघडण्याची वेळ पहाटे चार. 'किती वेळ लागेल' या रकान्यात त्याने आधी एक तास लिहिले होते, मग तीन, मग प्रश्नचिन्ह. वाइनरीचा शेवटचा फेरा हुकला तर पुण्याचा मुक्काम सरकतो, पुण्याचा सरकला तर नाशिकच्या दिवशी नेमका कोरडा दिवस येतो. काल रात्री अकराला त्याचा पुन्हा फोन आला.

"मामा, आईला जरा विचारता का? पदस्पर्शाच्या रांगेऐवजी नुसतं मुखदर्शन चालेल का?"