एका कागदाची दोन नावं

एक मे. झेंडावंदन होतं, मुलं वर्गात येतात आणि बाई एकेकाला हाक मारून घडीचं जाड कार्ड हातात देतात. त्यावर छापलेलं असतं ‘प्रगतिपत्रक’. फाटकाबाहेर मात्र जो तो विचारतो, “काय लागला निकाल?”

निकाल कोर्टाचा लागतो, निवडणुकीचा लागतो. तो लागला की विषय मिटतो. एखाद्या गोष्टीचा निकाल लावणं म्हणजे तर तिची वासलातच लावणं. प्रगती मिटत नाही, चालू असते. आपण प्रगतिपत्रक निकालासारखं वाचतो, तिथंच गफलत होते.

तिसरीतल्या गणिताची श्रेणी घ्या: ब-2. म्हणजे शंभरात 61 ते 70. पण हा आकडा जुळतो कसा? 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या मूल्यमापनाचे दोन भाग केले. तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या हे वर्गात चालता चालता होणारं आकारिक. सत्राअखेरची परीक्षा ते संकलित. तिसरीला आकारिकाचे 60 गुण, संकलिताचे 40. समजा, एकीला 48 आणि 17 मिळाले, दुसरीला 29 आणि 36. दोघींचे 65, दोघींना ब-2. पहिली फळ्याजवळ उभी राहून हिशेब धडाधड सांगते, पण कोरा पेपर पाहून गांगरते. दुसरी पेपर नीट सोडवते, पण तिचं वर्षभराचं काम अर्धवट पडलेलं. घरी मात्र दोघींवर उपाय एकच: शिकवणी लावा.

शिवाय 80 ला ब-1 आणि 81 ला अ-2. एका गुणानं अक्षर बदलतं आणि शेजारी पेढे वाटायचे की नाही हेही ठरतं. 71 आणि 80 मात्र एकाच दावणीला.

गुणांकडे पाहूच नये, असं नाही. पाचवी आणि आठवीत आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. फेरपरीक्षेतही जमलं नाही, तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. पण कुठं अडलं हे आकडा सांगत नाही. ते सांगण्यासाठी कार्डावर वर्णनात्मक नोंदींची जागा असते: विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक. आपली नजर तिथं सर्वांत शेवटी जाते. आणि गेली तरी हाती लागतं काय? ‘वाचनाचा सराव आवश्यक.’ पट मोठा, मुदत थोडी. बाईंच्या लेखणीतून ठरलेली वाक्यं उतरतात. त्यांना दोष देण्यापेक्षा तेच वाक्य घेऊन त्यांच्याकडे जावं. “बाई, वाचताना नेमकं कुठं अडतंय? जोडाक्षरांवर, की वाचलेलं कळत नाही?” या एका प्रश्नानं छापील वाक्याला आपल्या मुलाचा चेहरा येतो. उत्तर मिळालं, तर सुट्टीत रोज काय वाचायचं तेही सुचतं.

कोर्टाच्या निकालावर न्यायाधीशाची सही असते, घरच्यांची कोणी मागत नाही. प्रगतिपत्रकावर मात्र वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या सह्यांबरोबर पालकांच्या सहीलाही जागा असते. ती नुसती पोच म्हणून ठेवलेली नाही. पुढच्या वर्षातलं थोडं काम आपल्याही नावावर आहे, हे मान्य करण्याची ती जागा आहे.