आजचं चिंतन : गीता २.४७ – धूसर दिसणारं निशाण

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक सगळ्यांना पाठ असतो. कॅलेंडरवर असतो, ट्रकच्या मागे असतो, आणि पगारवाढ नाही हे सांगताना मॅनेजरच्या तोंडातही असतो. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही. यावर नवीन काय लिहायचं म्हणून मी दोन दिवस टाळत होतो. पण वाचन क्रमाने चाललंय, त्यामुळे आज तो आलाच. आणि खरं सांगायचं तर टाळण्याचं कारण वेगळं होतं. या श्लोकावरून माझं आणि अप्पांचं थोडं बिनसलं होतं. ते पुढे सांगतो.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे की गेली दीड-दोन वर्षं मी एअर पिस्तूल शिकतोय. संभाजीनगरला असलो की रेंजवर, आणि इथे टेंभुर्णीत असलो की घरीच सराव. (टेंभुर्णी म्हणजे आमची जालना जिल्ह्यातली. सोलापूरची नव्हे. हे दरवेळी सांगावं लागतं.) दहा मीटर अंतर, हात एकच, दुसरा हात खिशात. निशाणावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. स्पर्धेत पंच्याहत्तर मिनिटांत साठ छर्रे मारायचे असतात.

पहिल्याच आठवड्यात सरांनी जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं ते चुकून उलटं बोलले. ते म्हणाले, निशाणाकडे बघू नका. नजर पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरच्या फ्रंट साइटवर ठेवा. जुने लोक तिला माशी म्हणतात. ती काळी, रेखीव, स्वच्छ दिसली पाहिजे, आणि पलीकडचं निशाण धूसर दिसलं पाहिजे. निशाण स्वच्छ दिसायला लागलं की समजा चुकलात.

मी इंजिनिअर, त्यामुळे आधी हिशोब केला. दोन साइटमधलं अंतर साधारण तेहतीस सेंटिमीटर. म्हणजे फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटर बाजूला जातो. दहाऐवजी थेट सात. उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर सरकला, तर छर्रा पाचच मिलिमीटर सरकतो आणि दहा लागतोच. म्हणजे हात हलतो तो हलू द्या. तो हलणारच, सगळ्यांचा हलतो. जवळची गोष्ट बिघडू देऊ नका. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं: एक तर हातातलं, नाहीतर पलीकडचं. दोन्ही एकदम दिसायची सोयच नाही.

हे कळलं त्या रात्री मी हाच श्लोक पुन्हा वाचला होता. श्लोकात फळ नाहीच असं कुठे म्हटलंय? निशाण तर समोर आहे, आणि तिकडेच तोंड करून उभे आहोत. फक्त ट्रिगर दाबला जात असताना नजर कुठे आहे, एवढाच प्रश्न.

श्लोकाचा शेवटचा चरण आपण बहुतेक गाळतो. कर्म न करण्यातही अडकू नकोस, असं तो सांगतो. रेंजवर त्याचाही अर्थ लागला. नेम नीट बसला नाही तर पिस्तूल खाली घ्यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचं. ही चांगली सवय. पण काही दिवस मला खाली घ्यायचाच नाद लागला. अजून थोडं स्थिर, अजून थोडं, मग डोळा थकणार, हात थरथरणार, आणि पिस्तूल खाली. मला वाटायचं हा संयम आहे. ती भीती होती. छर्रा मारलाच नाही तर सात लागणार नाही!

पॅरिसमध्ये २८ जुलै २०२४ ला मनू भाकरने याच प्रकारात ब्राँझ जिंकलं. नेमबाजीत ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आधी टोकियोत ऐन फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं होतं. पॅरिसच्या फायनलमध्ये ०.१ गुणाने तिची सुवर्णाची लढत हुकली. नंतर ती म्हणाली की ती गीता वाचत होती, आणि शेवटच्या क्षणांत मनात तेच होतं: आपलं काम करायचं, निकाल आपल्या हातात नाही. त्या दिवशी हा व्हिडिओ मला निदान पंधरा ग्रुपवर आला.

मला आनंद झाला, आणि थोडं खटकलंही. तिच्याबद्दल नाही, आपल्याबद्दल. फळाची आशा सोडली की फळ मिळतं, असा अर्थ काढून आपण तो व्हिडिओ पुढे पाठवत होतो. मग आशा सोडली कुठे? ती फक्त हुशार झाली. निष्काम कर्म हे जास्त गुण मिळवायचं तंत्र असेल, तर तो व्यवहार झाला. माझ्यापुरतं सांगतो: रेंजवर हे तंत्र म्हणून वापरलं की तीन-चार छर्रे चालतं. तीन दहा लागतात, मन म्हणतं "बघ, निष्काम झालो," आणि चौथा सातवर जातो. कारण नजर आता मॉनिटरवर असते.

आता अप्पांचं.

गेल्या सप्टेंबरच्या पावसात आमचं सोयाबीन गेलं. काढणीला आलेलं पीक पाण्यात उभं राहिलं, शेंगांना कोंब फुटले. अप्पा दोन दिवस ओट्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणाने त्यांना हाच श्लोक सांगितला. वर तेहतीस सेंटिमीटरचा हिशोबही सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला एक तारखेला पगार येतो. तुझ्यासाठी हा श्लोक सोपा हाय." आणि उठून गोठ्यात गेले.

त्यांना कुणाचं सांत्वन नको होतं. मला मात्र त्यांचं गप्प बसणं सहन होत नव्हतं, म्हणून मी बोललो. म्हणजे श्लोक मी स्वतःसाठीच वापरला. कृष्णाने तो स्वतः रथावर, त्याच रणांगणात उभं राहून सांगितला. मी एसी केबिनमधून सुट्टीवर आलो होतो. माझा सात लागला तर घरात काही कमी पडत नाही. अप्पांचा लागला तर बँकेचा हप्ता थकतो. दुसऱ्याच्या फळाबद्दल अनासक्त राहायला काय लागतं?

नंतर त्याच रानात त्यांनी हरभरा पेरला. भावाची काळजी रोज संध्याकाळी करायचे, मोबाइलवर जालन्याचा बाजारभाव बघायचे. अनासक्त वगैरे काही नाही. एका रात्री जेवताना मी भीतभीत विचारलं, पेरताना मनात काय असतं? आता पेरणी ट्रॅक्टरवर असते, पण त्यांची निम्मी जिंदगी तिफणीमागे गेली. म्हणाले, "चाड्यावर मूठ धरली की भाव आठवायचा नाही. भाव आठवला की मूठ ढिली पडते, एका ठिकाणी दाट, एका ठिकाणी पातळ. उगवून आल्यावर अख्खं गाव बघतं." जरा थांबून म्हणाले, "घरी येऊन कर काळजी. पोटाला लागतं, काळजी तर व्हणारच."

माझ्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर आहे का, मला माहीत नाही. आशा सोडायची की फक्त ती वेळ सोडायची, यावर भाष्यकार बरंच बोलले आहेत. मी अजून मुठीपाशीच आहे.

सध्या इथे घरी रोज रात्री वीस मिनिटं सराव करतो, छर्रा न भरता, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर. निशाण लावतच नाही. फक्त साइट आणि ट्रिगर. काल अप्पा दारात उभे राहून बघत होते.

"नेम कशावर धरला?"

"कशावरच नाही."

"मग चुकतं काय?"

"ट्रिगर दाबताना साइट हलते, अप्पा."

ते भिंतीकडे बघत राहिले. मग आत येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "पुन्हा दाब. बघू."

उद्या श्लोक ४८.

राम कृष्ण हरी.